ब्यॉर्नचे जहागीरदार

बेलसरे रागावले की भांडत नाहीत. ते त्या माणसाचा समुद्रकिनारा काढून घेतात.

माझा आजवर तीनदा काढून घेतलाय. पहिल्यांदा ते बोलत असताना जांभई दिली म्हणून. दुसऱ्यांदा, "तिथे पार्किंग तरी फ्री असेल ना?" असं विचारलं म्हणून. तिसऱ्यांदा कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. सकाळी अजमानहून दुबईच्या जबल अलीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले, डब्याची पिशवी मांडीवर नीट ठेवली आणि म्हणाले, "खलास. तुमचं टोक गेलं. पाठाऱ्यांना दिलं." पुढे दीड तास ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी, एका फ्रेट कंपनीचा अकाउंटंट, दोन पोरींचा बाप, मनातल्या मनात हळहळत होतो. कशासाठी, तर उत्तर ध्रुवाजवळच्या एका ओसाड, बर्फाळ दगडाच्या टोकासाठी, जे मी पाहिलेलं नाही, पाहणार नाही आणि बेलसऱ्यांच्या बापजाद्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

बेलसरे आमच्या कंपनीच्या कोल्ड स्टोअरमध्ये सुपरवायझर. मिरजेचे. पन्नाशीला टेकलेले, शिडशिडीत, आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री तापमान असताना अंगात गुडघ्यापर्यंत येणारं कापूस भरलेलं जाकीट. गोठवलेल्या मासळीच्या गोदामात ते घालावंच लागतं, पण बेलसरे ते बसमध्येही घालायचे. "काढघाल केली की सर्दी होते," हे त्यांचं म्हणणं. आमच्या इमारतीत ते माझ्या दारासमोरच्या एका खोलीच्या स्टुडिओत राहायचे, एकटे. बायको मिरजेला, त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ. आई मिरज सोडायला तयार नव्हती, आणि तिचं करायला बायकोशिवाय दुसरं कुणी नव्हतं. बेलसरे दोन वर्षांतून एकदा महिन्याभरासाठी जाऊन यायचे. आमच्यातल्या निम्म्या लोकांचे संसार असेच चालत होते, त्यामुळे त्याचं कुणाला विशेष वाटत नसे.

आता हे ध्रुवाचं खूळ कुठून आलं ते सांगतो. सत्त्याण्णव साली कंपनीतला एक कॅनेडियन इंजिनिअर नोकरी सोडून कायमचा मायदेशी निघाला. आखातात माणूस कायमचा निघाला की त्याच्या घरातल्या सामानावर सहकारी कसे तुटून पडतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कुणी सायकल उचलली, कुणी गालिचा. ज्याला गोल्फ म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं त्याने गोल्फचा पूर्ण संच नेला. मायक्रोवेव्ह मी घेतला. बेलसरे नेमके उशिरा पोचले, कारण त्याच वेळी त्यांच्या गोदामाच्या दाराशी मासळीचा कंटेनर येऊन उभा होता. त्यांच्या वाट्याला उरली एक लांबलचक पुठ्ठ्याची नळी.

बसमध्ये सगळ्यांनी ती उघडायला लावली. आतून निघाला भलामोठा नकाशा. त्यावर एक शहर नाही, एक रस्ता नाही, रेल्वेचा रूळ नाही. नुसत्या तपकिरी रेषा आणि तिन्ही बाजूंनी निळा रंग. कोपऱ्यात नाव: ब्यॉर्न पेनिन्शुला. कॅनडाच्या पार उत्तरेला एल्समिअर नावाचं अवाढव्य बेट आहे, त्याच्या नैऋत्येला लोंबणारं हे द्वीपकल्प. शारजा येईपर्यंत आम्ही हसत होतो. कुणीतरी म्हणालं, "बेलसरेसाहेब, घडी घालून टेबलाच्या पायाखाली ठेवा, डुगडुगणार नाही."

"हसा," बेलसरे नकाशा गुंडाळत म्हणाले. "यांचा मायक्रोवेव्ह दोन वर्षांत बंद पडेल. ही जमीन कुठे जात नाही."

मायक्रोवेव्ह अजून उत्तम चालतो, पण ते असो. त्या दिवशी बेलसऱ्यांचा अपमान झाला, आणि आपल्याला मिळालेली वस्तूच सगळ्यांत भारी होती हे सिद्ध केल्याशिवाय ते गप्प बसणार नव्हते. त्यांनी नकाशा स्टुडिओच्या भिंतीवर लावला. भिंत पुरेना म्हणून कपाट हलवलं. मग शुक्रवारी शारजाच्या सायबर कॅफेत जाऊन त्या द्वीपकल्पाची माहिती काढायला सुरुवात केली. माणसं त्या काळात सायबर कॅफेत नोकरी शोधायला जात, नाहीतर जे बघायचं ते पडदा ओढून बघत. बेलसरे पडदा उघडा ठेवून बर्फ बघायचे.

आणि मग ऐकायची पाळी आमच्यावर आली. त्यांचं प्रत्येक वाक्य "तसं नसतं ते" ने सुरू व्हायचं. तुम्ही म्हणालात, की ध्रुवाकडे नुसता बर्फच बर्फ असणार, की आलंच: "तसं नसतं ते. ब्यॉर्न हे वाळवंट आहे. पाऊस म्हणाल तर आपल्या अजमानइतकाच. बर्फसुद्धा बेताचाच पडतो, फक्त पडलेला जात नाही." तिथली जमीन खाली कायमची गोठलेली. उन्हाळ्यात वरची वीतभर तेवढी विरघळते आणि चिखल होतो. तिथे झाडं आहेत, पण ती उभी राहत नाहीत, जमिनीवर आडवी सरपटतात, म्हणजे अख्ख्या जंगलावरून तुम्ही चपला घालून चालत जाल. अंगभर झिपऱ्या असलेले बैल आहेत. पांढरे ससे आहेत. चुंबकीय ध्रुव जवळ असल्यामुळे होकायंत्र तिथे वेड्यासारखं करतं. जवळचं गाव डोंगरापलीकडे, शे-दीडशे वस्तीचं. द्वीपकल्पावर मात्र माणूस एकही नाही. हे शेवटचं वाक्य ते फार समाधानाने म्हणायचे, जणू त्यांनीच सगळ्यांना घालवून दिलं होतं.

त्या वर्षांत आमच्यातला जो तो कॅनडाच्या इमिग्रेशनचे कागद भरत होता. बेलसरे कॅनडातज्ज्ञ म्हणून माणसं त्यांना सल्ला विचारायला येऊ लागली. चहा मिळायचा, सल्ला मिळायचा नाही. कारण ब्यॉर्न सोडून उरलेल्या कॅनडाविषयी त्यांना काडीचीही माहिती नव्हती. "टोरांटो?" ते भुवया आक्रसून म्हणायचे. "ते फार दक्षिणेला पडतं."

एका गणेशोत्सवात मंडळाने त्यांना मुलांसमोर दहा मिनिटं बोलायला दिली. पन्नास मिनिटं झाली तरी ते किनाऱ्यापासून आत सरकले नव्हते. शेवटी माझ्या थोरल्या ऋचाने हात वर केला. आमची मुलं आमच्याशी मराठीत बोलतात, असं आम्ही मिरजेत आणि पुण्यात सांगत असतो. "बट अंकल," ती म्हणाली, "नोबडी लिव्ह्ज देअर. सो व्हॉट्स द पॉइंट?"

"दॅट इज द पॉइंट, बेटा," बेलसरे म्हणाले, आणि पुढच्या खाडीकडे वळले.

इथवर ठीक होतं. इमारतीत एखादा चक्रम असला की बाकीच्यांना आपण शहाणे असल्याची खात्री वाटते. पण मग बेलसऱ्यांच्या लक्षात आलं की नकाशावर मोजकीच नावं आहेत. शेकडो टोकं, ओहोळ, टेकड्या, छोट्या खाड्या बिननावाच्या पडून आहेत. "कॅनडा सरकारला वेळ नाही," ते म्हणाले. "मला आहे." आणि त्यांनी पेन्सिलने नावं घालायला सुरुवात केली. आमची.

माझ्या बायकोने, वैशालीने, त्यांच्याकडे कटाची आमटी पाठवली. दुसऱ्या दिवशी तिच्या नावाने पश्चिमेकडचा एक गोलसर उपसागर झाला. मिसेस पाठाऱ्यांनी मसालेभात पाठवला, त्यात मीठ थोडं जास्त पडलं होतं. त्यांना दलदल मिळाली. इमारतीचा वॉचमन नझीर याने ऐन जुलैत बेलसऱ्यांचा बंद पडलेला एसी दुरुस्त करून आणला, तर त्याला द्वीपकल्पावरची सगळ्यांत उंच टेकडी. यावरून काय राजकारण पेटलं ते मी सांगू नये आणि तुम्ही ऐकू नये. मिसेस पाठारे वैशालीशी महिनाभर बोलत नव्हत्या. मी वैशालीला म्हणालो, "अगं, तिथे आहे काय? बर्फ." ती म्हणाली, "असू दे. पण माझा उपसागर तिच्यापेक्षा मोठा आहे."

मी तेव्हा हसलो खरा. पण आता विचार केला तर वाटतं, यात नवल काहीच नव्हतं. आखातात आपल्या नावावर असतं काय? घर भाड्याचं, व्हिसा कंपनीचा, पासपोर्टसुद्धा कंपनीच्या तिजोरीत. अशा माणसांना कुणी जमीन वाटतोय म्हटल्यावर ती कुठे आहे हे विचारण्याआधीच आपण रांगेत उभे राहतो. तिथे एखाद्या दगडावर नाव घातलं तरी छाती फुगते. माझीही फुगली होती, नाहीतर टोक गेल्याचं दुःख कशाला झालं असतं?

कळस केला तो पाठाऱ्यांनी. पाठारे आमच्या मंडळाचे नवे सेक्रेटरी. सगळीकडे पहिले असण्याची हौस. ते वर्ष होतं दोन हजार दोन. दुबईत परक्या माणसालाही घर विकत घेता येणार, अशी दवंडी नुकतीच पिटली होती आणि रोजच्या पेपरात समुद्रात घुसलेल्या जमिनीचे आराखडे छापून येत होते. तोवर पाठाऱ्यांचा बेलसऱ्यांशी फक्त जिन्यातला नमस्कार. भूगोल त्यांच्या बायकोच्या दलदलीपुरता, तोही तिने त्यांना रागाने सांगितलेला आणि त्यांनी न ऐकलेला. असे पाठारे वर्गणी मागायला बेलसऱ्यांच्या खोलीत शिरले आणि भिंतीवरचा प्लॅन बघून जागीच थांबले.

"पश्चिम किनाऱ्यावरचं हे टोक देऊ का तुम्हाला?" बेलसऱ्यांनी विचारलं. ते त्या दिवशी माझ्यावर रागावलेले होते.

"सी-फेसिंग?"

"तिन्ही बाजूंनी."

"पझेशन कधी?"

"आजपासून तुमचंच."

"आणि मेन्टेनन्स?"

"छे. शेजारीच नाहीत तर मेन्टेनन्स कसला."

पाठारे खाली गेले ते थेट फोनवर. पुण्याच्या मेव्हण्याला आधी दिरहॅममध्ये आणि मग रुपयांत गुणून सांगितलं की अशी संधी परत येत नाही, बिल्डर ओळखीचा आहे, स्वभावाने जरा तिरसट पण सज्जन. मेव्हण्याने आपल्यासाठीही एक बघायला सांगितलं. चार दिवस पाठारे इमारतीत कुणाशीच बोलत नव्हते. आपल्याआधी दुसऱ्याने बुकिंग करू नये म्हणून ही खबरदारी. सत्य कळल्यावर त्यांनी बेलसऱ्यांना वेडा, फ्रॉड आणि बरंच काही म्हटलं. पण आठवड्याने हळूच येऊन विचारलं, की नुसतं 'पाठारे टोक' आहे त्याचं 'पाठारे पॉइंट' करता येईल का. किनारा मात्र त्यांनी परत केला नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी बेलसऱ्यांची आई गेली. ते जाऊन आले, डोक्यावरचे केस उतरवून. बसमध्ये दोन महिने द्वीपकल्पाचं नाव नव्हतं. मग मार्चमध्ये एका सकाळी, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकलेली असताना, ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुलभा येतेय. मे महिन्यात. व्हिजिटवर."

सुलभा म्हणजे त्यांची बायको. मिरजेच्या शाळेत शिक्षिका. चौदा वर्षं ती सकाळी शाळेत आणि उरलेला दिवस सासूच्या उशाशी होती. आता आई नव्हती आणि बेलसऱ्यांचा पगारही फॅमिली व्हिसा मिळण्याइतका झाला होता. सुट्टीत येऊन बघायचं, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ठरवायचं: नोकरी सोडून इथे राहायचं, की मिरजेला परत जायचं. परत गेली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही, असं तिने पत्रात बजावलं होतं.

"तिला आवडेल का हो इथे?" बेलसऱ्यांनी मला विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. एरवी ते फक्त उत्तरं द्यायचे.

मग त्यांची धावपळ सुरू झाली. पडदे आणले, कुकर आणला, तो पाच लिटरचा घ्यावा की तीनचा हे विचारायला दोनदा आमच्या दारात आले. जाकीट गोदामातच ठेवायला लागले. सर्दी झाली नाही. बायकांना घरात काय काय लागतं असं त्यांनी वैशालीला विचारलं, तर ती म्हणाली, "आधी भिंतीवरचं ते खूळ उतरवा." बेलसऱ्यांचा चेहरा पडला. "तेवढं राहू दे," ते म्हणाले. "तिला दाखवायचंय."

सुलभावहिनी आल्या. बुटक्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. शाळेतल्या बाईंसारखं समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायच्या आणि मग "बरं" म्हणायच्या. वैशालीने त्यांना दुकानं दाखवली, समुद्राकाठच्या कॉर्निशवर नेलं. "छान आहे," त्या म्हणायच्या. पण वैशालीचं मत पडलं की काही खरं नाही. वहिनी स्वतःच्याच नवऱ्याच्या घरात पाहुण्यासारख्या वावरत होत्या. चहा करायच्या आधीसुद्धा साखर कुठली घेऊ म्हणून विचारायच्या. मे संपत आला आणि बेलसरे बसमध्ये नखं खायला लागले.

त्या शेवटच्या शुक्रवारी त्यांनी आम्हाला आणि पाठाऱ्यांना जेवायला बोलावलं. वहिनींनी श्रीखंड-पुरीचा बेत केला होता. स्टुडिओत आठ माणसं मावत नव्हती, म्हणून मुली पलंगावर बसल्या. पानं घेईपर्यंत पाठाऱ्यांनी सवयीप्रमाणे नकाशाचा ताबा घेतला. "हा आमचा पॉइंट. सी-फेसिंग." वैशालीने आपला उपसागर दाखवला. ऋचाने आणि धाकटीने आपापले ओहोळ दाखवले. मिसेस पाठाऱ्यांनी दलदल दाखवली नाही, पण नजर तिकडेच होती. मग त्या वहिनींकडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, "आणि वहिनी, तुमचं कुठलं हो?"

वहिनी हातातलं श्रीखंडाचं पातेलं घेऊन नकाशासमोर उभ्या राहिल्या. शिक्षिकाच त्या, वरच्या कोपऱ्यापासून वाचायला लागल्या. एकेक नाव. खाड्या वाचल्या, टेकड्या वाचल्या, खालच्या टोकापर्यंत आल्या.  मीही मनात सगळं द्वीपकल्प धुंडाळलं आणि तेव्हा कळलं, की इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"माझं नाही वाटतं कुठे," वहिनी म्हणाल्या.

"अगंबाई," मिसेस पाठारे म्हणाल्या, "वॉचमनचंसुद्धा आहे की." या बाईंना दलदल दिली ते योग्यच होतं, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

वहिनींनी पातेलं खाली ठेवलं. "असू दे," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "चौदा वर्षं यांच्या घरात नव्हतेच मी. नकाशात तरी कशी असेन?"

मला वाटलं, संपलं. जूनमध्ये या मिरजेला जाणार आणि हा माणूस पुन्हा जाकीट घालून बसमध्ये येणार. मी बेलसऱ्यांकडे बघितलं. द्वीपकल्पावर पन्नास मिनिटं न थांबता बोलणारा तो माणूस पुरीचं ताट धरून नुसता उभा होता.

"तिथे कुणी नसतं गं," शेवटी ते म्हणाले. "हिवाळ्यात चार-चार महिने सूर्य उगवत नाही. माणूस नाही, कुणाचा आवाज नाही. या सगळ्यांची नावं घातली ती गंमत म्हणून. यांना काय होतंय? संध्याकाळी आपापल्या घरी जातात. तुझं घालायला पेन्सिल घेतली होती मी. कितीदा घेतली. पण तुला आधीच इतकी वर्षं तिकडे एकटीला ठेवलं. परत तिथेही एकटीलाच कशी नेऊन ठेवू?"

पाठारे खाली बघायला लागले. मला आजवर या माणसाची जी जी थट्टा केली ती सगळी आठवली नाही, खोटं कशाला बोलू. पण फ्री पार्किंगचं विचारलं होतं, ते तेवढं आठवलं. वैशालीने डोळ्यांना पदर लावला.

 वहिनींनी पुन्हा नकाशाकडे बघितलं.

"आणि तुमचं नाव कुठे आहे?"

"माझं कशाला?" बेलसरे म्हणाले. "मी असतोच तिथे."

वहिनींनी त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं. "मग या आता इकडे," त्या म्हणाल्या. "श्रीखंड पातळ व्हायला लागलंय."

आम्ही जेवलो. पाठाऱ्यांनी श्रीखंड तीनदा घेतलं. बेलसरे खाली मान घालून जेवत होते आणि वहिनी त्यांना न विचारता वाढत होत्या. निघताना बायका मोरीपाशी भांडी विसळत होत्या, तेव्हा वहिनींनी वैशालीला विचारलं की इथे कणिक कुठून घेतात. वैशालीने सांगितलं, कोपऱ्यावरच्या दुकानात दोन किलोची छोटी पिशवी मिळते, जाईपर्यंत पुरेल.

"छोटी नको," वहिनी म्हणाल्या. "मोठी कुठे मिळते ते सांगा."